घाट चढून आल्यावरच गळणारा ऑईल कूलरचा पाईप : काय करावे?

अनगोळकर | १२ ऑक्टोबर, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९८ सालची, के.ए. २२ पासिंगची डिझेल गाडी आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि त्यांच्या पश्चात मी ती मनापासून सांभाळतो आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इतकी वर्षे टिकलेले रबर आता कुजले तर त्याचा दोष कंपनीकडे जात नाही.

अडचण अशी आहे की, बेळगावात गाडी कितीही फिरवली तरी ऑईलचा थेंब पडत नाही. पण गोव्याहून परत येताना साखळी, केरी करत चोर्ला घाट चढून, कणकुंबी-जांबोटीमार्गे घरी आलो की दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ताटलीएवढा काळा डाग दिसतो. दोन फेऱ्यांत डिपस्टिकवरची पातळी वरच्या खुणेपासून जवळजवळ मध्यापर्यंत उतरली. पहिल्या गॅरेजमध्ये टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलले, पण डाग पडायचा तो पडतच राहिला. दुसऱ्या गॅरेजमध्ये क्रँकचे मागचे ऑईल सील गेले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे सांगितले.

शेवटी खानापूरच्या एका वयस्क मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी टॉर्च न घेता रेडिएटरच्या बाजूने हात आत घातला, ऑईल कूलरकडे (इंजिनाचे तेल थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या पाईपच्या लोखंडी टोपणाखालून बोट फिरवले, ओले बोट मला दाखवले आणि म्हणाले, "एण्णी इल्लिंद सोराकत्तैति." तेल इथूनच गळत होते.

मूळ पाईप आता मिळत नाही. मेस्त्रींचे म्हणणे असे की रबराचा भाग कापून टाकू, त्या जागी हीटरचा होज (गरम पाण्याची रबरी नळी) घालू आणि दोन्हीकडे क्लिपा आवळू. माझे दोन प्रश्न आहेत. हा उपाय चालेल का, आणि गळती घाटानंतरच का होते?

निपाणीचा डिझेलवाला | १२ ऑक्टोबर, रात्री १०.०५

अनगोळकर, कृपा करून हीटरचा होज घालू नका. मेस्त्रींनी गळती अचूक पकडली, त्यांच्या नजरेला दाद द्यायला हवी, पण हा उपाय मी स्वतः भोगलेला आहे.

माझ्या जुन्या गाडीला असाच तुकडा घातला होता. दीड महिना काही झाले नाही. एके दिवशी संकेश्वरहून निपाणीकडे येताना, तवंदी घाटात तिसऱ्या गिअरवर असताना, पाईप क्लिपेतून निसटला. आधी गरम तव्यावर तेल पडल्यासारखा वास आला, मग बॉनेटच्या फटीतून निळसर धूर आला आणि त्यानंतर ऑईलचा लाल दिवा लागला. हा क्रम लक्षात ठेवा : दिवा सर्वांत शेवटी लागला. दाब जवळजवळ शून्यावर आल्यावरच तो दिवा लागतो, म्हणजे तोवर बेअरिंगांना तेल मिळणे थांबलेले असते. मी जागा शोधत बाजूला घेईपर्यंत गेलेली पंधरा-वीस सेकंद मला महागात पडली. क्रँकच्या बेअरिंगा बदलाव्या लागल्या. खरे तर पहिल्या वासालाच इंजिन बंद करून गाडी उतरत्या वेगावर बाजूला घ्यायला हवी होती.

रबराचे कारण असे आहे की, हीटरचा होज बहुधा ईपीडीएम रबराचा असतो. हे रबर गरम पाण्याला आणि कूलंटला उत्तम टिकते, पण खनिज तेलात ते फुगते, मऊ पडते आणि क्लिपेखालून सरकते. शिवाय त्या लोखंडी नळीचे टोक कापल्यावर गुळगुळीत राहते, होज अडून राहावा अशी कड तिला उरत नाही. पाण्याच्या होजमध्ये जेमतेम एक-दीड बार (बार हे दाबाचे एकक) दाब असतो, तर ऑईलच्या पाईपमध्ये पळत्या इंजिनात चार-पाच बार असतो आणि थंडीत पहाटे सुरू करताना त्याहून जास्त.

मलप्रभाकाठ | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

निपाणीकरांशी मी पूर्ण सहमत आहे. वर्कशॉपमध्ये तीस वर्षे काढल्यानंतर दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नाच्या उत्तराअभावीच आपल्या गाडीचे पॅकिंग विनाकारण बदलले गेले.

बाहेर वेगळा ऑईल कूलर असलेल्या बऱ्याच इंजिनांत ऑईल फिल्टरच्या हाउसिंगमध्ये एक थर्मोस्टॅट असतो. तेल थंड असते तोवर तो कूलरची वाट बंद ठेवतो आणि तेल फिल्टरमधून थेट इंजिनात जाते. तेल साधारण ९० ते ११० अंशांच्या आसपास तापले की तो उघडतो आणि मग गरम तेल पूर्ण दाबाने पाईपमधून कूलरकडे धावू लागते. अनगोळ ते कॅम्प, कॅम्प ते शहापूर अशा फिरण्यात पाणी तापते, पण तेल तितके तापत नाही. पाण्यापेक्षा तेल सावकाश तापते. चोर्ल्याच्या चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर वीस-पंचवीस मिनिटे इंजिनाला ओढ लागते, तेव्हा कुठे तो थर्मोस्टॅट पूर्ण उघडतो. आपल्या गॅरेजवाल्यांनी गाडी उभी करून अर्धा तास सुरू ठेवली असेल, तर गळणाऱ्या पाईपमध्ये त्या वेळी दाबाखालचे गरम तेल फिरतच नसणार. त्यांना गळती दिसली नाही, यात नवल नाही.

तरीही एका ओल्या बोटावर निर्णय घेऊ नये. वाऱ्यामुळे तेल मागे उडते, खाली ओघळते आणि भलत्याच ठिकाणी थेंब धरते. म्हणून डाग जिथे आहे तिथे नव्हे, तर ओलेपणाचे सर्वांत वरचे आणि सर्वांत पुढचे टोक जिथे आहे तिथे गळतीचा उगम शोधावा. इंजिनाची ती बाजू डिझेलने पुसून कोरडी करा, दोन्ही पाईप, कूलरचे जोड आणि फिल्टरचे हाउसिंग यांवर टाल्कम पावडर भुरभुरा, एकदा जांबोटीच्या पुढे चढापर्यंत जाऊन या आणि इंजिन गरम असतानाच टॉर्चने पाहा. पावडरीत तेलाची वाट स्पष्ट उमटते. आपल्या गाडीला पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचेही दोन पाईप जवळून जात असतात. त्यातले तेल बहुतेक लालसर असते, इंजिनाचे डिझेलमधले तेल काळे असते, हा फरक पांढऱ्या कागदावर थेंब घेऊन पाहता येतो.

आणि एक विनंती आहे. तोवर घाटात गाडी नेऊ नका. चाचणीपुरते गेलात तर एक लिटर ऑईल सोबत ठेवा. पाईप फाटून गरम तेलाचा फवारा एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीवर गेला तर आग लागू शकते.

अनगोळकर | १५ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४०

आपण सांगितल्याप्रमाणे आज चाचणी केली. कणकुंबीच्या अलीकडे गाडी थांबवली तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता, बॉनेटवरून वाफ येत होती. वरच्या पाईपवर, जिथे लोखंडी टोपण संपून रबर सुरू होते, नेमक्या त्या गोल रेषेतून तेलाचे बारीक मणी फुटत होते. पुसले की पुन्हा सात-आठ मोजेपर्यंत नवा मणी तयार होत होता. तिथून खाली पावडरीत काळी वाट थेट चासीच्या कडेपर्यंत गेली होती. खालचा पाईप कोरडा आहे, टॅपेट कव्हर कोरडे आहे, आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशीही काही नाही. गिअरबॉक्स उतरवण्याचे काम टळले, याबद्दल आपले मनापासून आभार.

कागवाडचा ऊसवाला | १५ ऑक्टोबर, रात्री ८.३०

अनगोळकर दादा, आपल्या भागात या कामाला अडचण यायला नको. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, जेसीबी आणि तोडणीची यंत्रे यांच्यामुळे कागवाड, अथणी, चिकोडी, संकेश्वर इथे हायड्रॉलिक होज बनवून देणारी दुकाने आहेत, आणि बेळगावात तर उद्यमबागेत असे काम रोज चालते. जुना पाईप न्यायचा. ते टोपण कापून मूळ लोखंडी टोके मोकळी करतात, त्याच मापाचा नवा होज घेऊन त्यावर नवे फेरूल, म्हणजे लोखंडी टोपण, मशीनने दाबून देतात. अर्ध्या तासाचे काम आहे. अर्ध्या इंचाचा एका तारेच्या जाळीचा साधा होजसुद्धा १६० बारचा असतो, तिथे तुमचे पाच बार म्हणजे काहीच नाहीत. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत जा, नंतर त्यांना मान वर करायला सवड नसते.

मलप्रभाकाठ | १६ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

ऊसवाल्यांनी सांगितलेली वाट योग्य आहे आणि मीही तीच सुचवणार होतो. मात्र एका मुद्द्यावर थांबायला हवे, कारण बहुतेक जण नेमके तिथेच चुकतात. या कामात होजचा दाब नव्हे, तर त्याला सोसवणारी उष्णता पाहायची असते.

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये दाब दीडशे-पावणेदोनशे बार असतो, पण तेल साठ-सत्तर-ऐंशी अंशांवर राहते. म्हणून तो साधा होज आतून नायट्राइल रबराचा असतो आणि त्याची सततची मर्यादा १०० अंशांची असते. आपल्या इंजिनाचे तेल घाट चढताना ११०-१२० अंशांपर्यंत जाऊ शकते, आणि तोच पाईप एक्झॉस्टच्या बाजूने जात असेल तर बाहेरूनही शेकला जातो. असा होज फुटणार नाही, पण दोन-तीन वर्षांत आतून कडक होईल, त्याला भेगा पडतील आणि पुन्हा टोपणाखालून पाझर सुरू होईल. म्हणून दुकानात गेल्यावर "किती बारचा?" हे विचारण्याआधी "किती अंशांचा?" असे विचारा आणि होजवर छापलेली ओळ वाचून घ्या. १५० अंश सोसणारा जास्त तापमानाचा रबरी होज मिळतो. दुसरा पर्याय टेफ्लॉनच्या आतल्या नळीचा आणि बाहेरून स्टीलच्या जाळीचा होज हा आहे. तो २०० अंशांपर्यंत टिकतो, मात्र त्याची जाळी शेजारच्या वायरी आणि ॲल्युमिनिअम कानशीसारखी घासून काढते, म्हणून त्यावर रबरी बाही चढवावी लागते, आणि तो एकदा मोडून दुमडला की आतली नळी कायमची चेपते.

वळणाचाही विचार करावा लागतो. अर्ध्या इंचाच्या साध्या एक-जाळी होजला किमान १८० मिलिमीटर त्रिज्येचे वळण लागते, तर त्याच मापाच्या आटोपशीर प्रकाराला ९० मिलिमीटर पुरते. रेडिएटरच्या शेजारच्या चिंचोळ्या जागेत हा फरक फार मोठा ठरतो. लांबीही हात आखडून घेऊ नये. दाबाखाली होज शेकडा चारपर्यंत आखडू शकतो, शिवाय कूलर बॉडीला बसवलेला असतो आणि इंजिन माउंटिंगवर हलत असते. ताणून बसवलेला पाईप प्रत्येक खड्ड्यात टोपणाला हिसका देतो.

हुक्केरीचा वाटसरू | १६ ऑक्टोबर, दुपारी १.१०

एक शंका विचारतो. पाईप तयार होईपर्यंत कूलर काढून ठेवला आणि हाउसिंगची दोन्ही तोंडे बोल्ट लावून बंद केली, तर चार दिवस गावात गाडी वापरता येईल का?

मलप्रभाकाठ | १६ ऑक्टोबर, दुपारी २.००

बंद करू नका. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट नसतो, तिथे सगळे तेल कूलरमधून फिरूनच इंजिनात जाते; अशा इंजिनाची तोंडे बंद केली तर बेअरिंगांचे तेल तोडल्यासारखे होईल. ज्यांत थर्मोस्टॅट असतो, तिथेही तो उघडल्यावर काय होईल, हे त्या हाउसिंगच्या रचनेवर अवलंबून असते. अगदी नाइलाज झाला तर जाणारे आणि येणारे तोंड योग्य होजच्या एका तुकड्याने एकमेकांना जोडावे, म्हणजे तेलाचा फेरा अखंड राहतो. पण तो तुकडाही दाबून केलेल्या फेरूलचाच लागतो, मग मूळ पाईपच का करून घेऊ नये?

अनगोळकर | १ नोव्हेंबर, रात्री ९.४५

काम पूर्ण झाले. उशीर झाला, पण इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून जसे घडले तसे लिहितो.

पाईप सोडवणे हेच सर्वांत अवघड निघाले. कूलर ॲल्युमिनिअमचा आणि नट लोखंडाचा, सत्तावीस वर्षे एकत्र राहून दोन्ही एकजीव झाले होते. आदल्या रात्री आणि सकाळी गंज सुटण्याचे तेल मारून ठेवले. मेस्त्रींनी (खानापूरचे तेच, सगळे समजावून सांगितल्यावर त्यांनी आनंदाने हे काम हाती घेतले) एक पाना कूलरच्या षटकोनावर धरून ठेवला आणि दुसऱ्याने नट फिरवला. पहिल्या पान्याने कूलरचे तोंड धरले नसते तर ते पिळवटून तडकले असते आणि पाईपच्या खर्चात कूलरचा खर्च वाढला असता. फिल्टरच्या बाजूला बँजो बोल्ट (आतून तेल जाणारे पोकळ बोल्ट) होते, ते सहज निघाले.

दोन्ही पाईप काढले, कारण खालचा आज कोरडा असला तरी त्याचेही वय तेवढेच आहे. उद्यमबागेतल्या कारागिराने जुने टोपण ग्राइंडरने लांबीच्या दिशेने चिरले, पण पूर्ण आरपार नेले नाही. शेवटचा पापुद्रा त्याने छिन्नीने उलगडला, म्हणजे आतल्या दातेरी टोकावर ग्राइंडरचा ओरखडा उठला नाही. त्याने ते टोक माझ्या तळहातावर ठेवले तेव्हा त्याचे दाते नव्यासारखे होते. जुने रबर मात्र बोटाने दाबताच बिस्किटासारखे तुटले. आतल्या बाजूने ते चकचकीत आणि काळ्या काचेसारखे कडक झाले होते आणि त्यात नखाएवढ्या अंतरावर आडव्या भेगा होत्या. खालच्या, कोरड्या पाईपची अवस्थाही तीच होती. फक्त भेगा अजून आरपार गेल्या नव्हत्या.

टेफ्लॉनचा होज त्या वळणात नीट बसेना, म्हणून १५० अंशांचा, आटोपशीर प्रकारचा रबरी होज घेतला. आतला व्यास मूळइतकाच ठेवला. दोन्ही टोकांच्या नळ्या एकमेकींशी कोणत्या कोनात आहेत, याची खूण मी काढण्याआधीच रंगाने करून ठेवली होती आणि फोटोही काढले होते. तरी एका पाईपचा कोन दाबताना थोडा फिरला आणि तो पुन्हा करावा लागला. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी ही खूण अवश्य करावी, कारण चुकीच्या कोनात फेरूल एकदा दाबले की होज पिळ देऊन बसवावा लागतो आणि तसा पिळलेला होज फार दिवस टिकत नाही.

ग्राइंडरची लोखंडी भुकटी पाईपमध्ये राहू नये म्हणून दोन्ही पाईप रॉकेलने आतून धुऊन हवेच्या दाबाने साफ केले. ही भुकटी कूलरमध्ये शिरली असती तर तिथून ती इंजिनात जाऊ शकली असती. बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर नवे घातले. ऑईल आणि फिल्टर बदलले. पहिल्यांदा सुरू करताना मेस्त्रींनी डिझेल बंद करणारी वायर काढून ठेवली आणि दिवा विझेपर्यंत थांबून थांबून नुसता सेल्फ मारला, म्हणजे कोरड्या बेअरिंगांवर इंजिन पेटले नाही. पाईप आणि कूलर पुन्हा भरल्यामुळे पातळी खाली गेली होती. गाडी गरम करून, बंद करून, दहा मिनिटांनी पाहिल्यावर साधारण अर्धा लिटर ऑईल वरून घालावे लागले.

काल साखळीपर्यंत जाऊन आलो. घाट चढून आल्यावर रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला होता. आज सकाळी पुठ्ठा कोरडा होता.

निपाणीचा डिझेलवाला | १ नोव्हेंबर, रात्री १०.२०

वाचून फार बरे वाटले. पाचशे किलोमीटरनंतर दोन्ही नट पुन्हा एकदा पान्याने तपासा, आणि नवा पाईप कुठे ब्रॅकेटला घासत नाही ना, तेही पाहा. जुन्या ऑईलचे काय केलेत?

अनगोळकर | २ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

कॅनमध्ये भरून गॅरेजच्या पिंपात दिले. तिथून ते जुने तेल शुद्ध करणाऱ्यांकडे जाते. मेस्त्रींच्या अंगणात विहीर आहे, आणि ज्या कणकुंबीच्या रस्त्यावर माझी गाडी गळत होती तिथेच मलप्रभा उगम पावते. इतके दिवस मी ते तेल रस्त्यावर सांडत होतो, याचे मला खरोखर वाईट वाटले.

हुक्केरीचा वाटसरू | २ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

हा धागा वाचून आज माझ्या गाडीच्या पाईपखालून बोट फिरवले. वरच्या टोपणाशी बोट ओले झाले. गाडी २००१ ची आहे. येत्या शनिवारी बेळगावला येतो. उद्यमबागेतले ते दुकान किती वाजता उघडते, आणि गाडी घेऊन येऊ की पाईप?

अनगोळकर | २ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

साडेनऊला उघडते. गाडी घरीच ठेवा, वाटेत वंटमुरीचा घाट आहे. दोन्ही पाईप काढून, टोकांना कापड बांधून, कोनाची खूण करून बसने या. मी स्टँडवर घ्यायला येतो.